सत्रभर शहरात: जाणाऱ्या मुलांचे आणि घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

दर सत्राला आमची काही मुलं तीन-चार महिन्यांसाठी मोठ्या शहरात राहायला जातात. कोणी प्रशिक्षणाला, कोणी प्रकल्पासाठी, कोणी दुसऱ्या संस्थेत शिकायला. जाण्याआधी त्यांच्याशी बोलणं आणि परतल्यावर त्यांचं ऐकून घेणं हे काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. त्यांच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या प्रश्नांपैकी जे हमखास येतात, त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत.

चार महिन्यांत असं काय शिकणार? तेवढ्यात शहर धड बघूनही होत नाही.

बघून होत नाहीच. पण परत आलेल्या प्रत्येकाला मी विचारते, "आता असं काय जमतं, जे जाताना जमत नव्हतं?" उत्तरात बघितलेली ठिकाणं फार क्वचित येतात. नळ गळतोय हे घरमालकाला तिसऱ्यांदा सांगितलं, आवाज न चढवता. वरिष्ठांना म्हटलं, हे मला समजलं नाही, पुन्हा सांगाल का? ताप आला तेव्हा शेजारच्या खोलीचं दार वाजवलं. उत्तरं येतात ती अशी.

या सगळ्यांत मला एकच गोष्ट दिसते. मुलं विचारायला शिकून येतात. आपल्या माणसांत असताना फारसं काही विचारावं लागत नाही. आपण कोणाचे, काय करतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि अडलं की कोणीतरी आपणहून पुढे होतं. नव्या शहरात तोंड उघडल्याशिवाय आपलं अडलंय हे कोणाला कळायला मार्गच नसतो. घरात "शांत, गुणी" म्हणून वाढलेल्या मुलांना हे सगळ्यात जड जातं, आणि त्यांच्यातला बदल सगळ्यात मोठा असतो.

पण विचारायला लाज वाटते. समोरचा झिडकारेल असं वाटतं.

आमची एक विद्यार्थिनी पहिल्याच आठवड्यात बसथांब्यावर पाऊण तास उभी होती. हातातल्या फोनवर नकाशा उघडा, आणि तिची बस सुटत होती रस्त्याच्या पलीकडच्या थांब्यावरून. शेजारी बाकावर एक आजी मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. हिने त्यांच्याकडे तीनदा बघितलं आणि तीनही वेळा नजर पुन्हा फोनमध्ये घातली. शेवटी आजींनीच विचारलं, "कुठं जायचंय, बाळ?" मला हे सांगताना तिला पाऊण तास गेल्याचं काही वाटत नव्हतं. आजी तेवढा सगळा वेळ सांगायला तयारच बसल्या होत्या, हे तिच्या मनाला लागलं होतं.

या संकोचाचा अभ्यासही झाला आहे. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना अनोळखी माणसांकडे छोटी मदत मागायला पाठवलं. एका प्रयोगात विद्यापीठातल्या मुलांनी कोणालातरी "मला व्यायामशाळेपर्यंत पोचवता का?" असं विचारायचं होतं. एक होकार मिळवायला साधारण सात जणांना विचारावं लागेल, असा त्यांचा आधीचा अंदाज. प्रत्यक्षात दोन-तीन जणांतच काम झालं. आपण नकाराचा हिशेब करत बसतो, पण समोरच्याला तोंडावर नाही म्हणणं किती अवघड जातं ते आपल्या लक्षातच येत नाही.

मी मुलांना विचारण्याचा एक साचा देते: "मला हे करायचंय, इथपर्यंत जमलं, पुढचं कळत नाही." तीन तुकडे. "कसं करायचं?" असा उघडा प्रश्न आला की समोरच्यालाही सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. "फॉर्म भरला, शिक्का घेतला, आता कोणत्या खिडकीवर द्यायचा?" असं विचारलं की तो बोट दाखवून मोकळा होतो. पहिले पंधरा दिवस रोज एका अनोळखी माणसाला एक प्रश्न विचार, अगदी उत्तर माहीत असलं तरी. लाज सवयीनेच जाते, समजूत घालून जात नाही.

आणि कोणी झिडकारलंच, तर दुसऱ्याला विचार. त्या माणसाचा दिवस वाईट असेल.

फोनमध्ये नकाशा असताना रस्ते पाठ करायचे कशाला?

नकाशा जरूर वापर. पण नेहमीची एक वाट, खोलीपासून कामाच्या जागेपर्यंतची, पहिल्या आठवड्यातच फोन खिशात ठेवून चालून बघ. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवाना मिळवण्यासाठी सुमारे २५,००० रस्ते डोक्यात बसवावे लागतात आणि त्याला तीन-चार वर्षं लागतात. एलेनॉर मॅग्वायर यांच्या गटाने २००० साली दाखवलं, की या चालकांच्या मेंदूत वाटा लक्षात ठेवणाऱ्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. पुढे २०११ साली उमेदवारांना वर्षानुवर्षं तपासलं, तेव्हा ही वाढ फक्त परीक्षा पास झालेल्यांत दिसली. तुला कोणी २५,००० रस्ते विचारणार नाही. पण बॅटरी संपलेल्या रात्री घरी येता आलं पाहिजे, आणि चुकलेल्या वळणावर जीव घाबरा होता कामा नये. जो दोनदा चुकून घरी पोचला आहे, तो तिसऱ्या वेळी घाबरत नाही.

सुरुवातीला मजा आली. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मन एकदम उडालं. माझंच काहीतरी चुकतंय का?

तुझं काही चुकत नाहीये. हा प्रश्न मला प्रत्येक गटातून येतो, बहुतेकदा रात्री उशिरा आणि अगदी त्रोटक शब्दांत.

घरच्या ओढीला वैद्यकात फार जुनं नाव आहे. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये आपल्या प्रबंधात "नॉस्टॅल्जिया" हा शब्द घडवला. घरी परतणं आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून केलेला हा शब्द त्याने एका आजाराचं नाव म्हणून वापरला होता. त्याने नोंदवलेल्या रुग्णांत बर्नहून बाझेलला शिकायला आलेला एक तरुण होता. तो खंगत गेला, आणि घराच्या वाटेला लागल्यावर सुधारू लागला. दोन्ही शहरं एकाच देशातली. तेव्हा "एवढंसं तर अंतर आहे, त्यात काय रडायचं?" असं स्वतःला म्हणू नकोस, दुसऱ्यालाही म्हणू देऊ नकोस.

मध्येच मन उडण्याबद्दलही सांगते. १९५५ साली स्वेरे लिसगार्ड या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत राहून आलेल्या २०० नॉर्वेजियन शिष्यवृत्तीधारकांचा अभ्यास केला. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त काळ राहिलेली माणसं बऱ्यापैकी रुळलेली होती, मधल्या काळातली कमी. हा खोलगट आलेख सगळ्यांना लागू पडत नाही असं पुढच्या अभ्यासांत दिसलं, आणि माझ्या मुलांतही काहींचं मन पहिल्याच दिवशी बसतं, काहींचं पहिलेच चार दिवस सगळ्यात वाईट जातात. तरीही मधला उतार येऊ शकतो हे आधी ठाऊक असलेलं बरं. आला तर आपण नालायक आहोत असं वाटत नाही.

त्या दिवसांत मोठं काही ठरवू नकोस. सोडून जायचं की नाही हे रात्री अकरानंतर तर मुळीच नाही. उठण्याची वेळ, आंघोळ, एक वेळचं नीट बसून जेवण आणि थोडं चालणं, एवढं धरून ठेव. रोज त्याच वेळी त्याच जागी जा: वाचनालयातलं एक टेबल, बागेतलं एक बाक. आठ-दहा दिवसांत तिथली माणसं मान डोलवायला लागतात. मान डोलवणारं एक माणूस असलं तरी शहर परकं वाटायचं कमी होतं.

मात्र दोन आठवडे झोप नाही, अन्न जात नाही, अंथरुणातून उठवत नाही असं झालं, तर तो नुसता उतार नाही. डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. आणि जगू नये असं वाटलं, तर त्याच दिवशी, त्याच तासाला कोणालातरी सांग. मला सांग, शिक्षकांना सांग, रूम पार्टनरला उठवून सांग. अपरात्र आहे म्हणून थांबायचं नाही.

हे घरी सांगायचं का? ते उगाच काळजी करतील.

सांग. "मन लागत नाहीये, पण जेवतोय, कामाला जातोय" असं सांगितलं की काळजीला तळ असतो. आवाजावरून त्यांना तसंही कळतंच.

रूम पार्टनरशी पटत नाही. खोली बदलू का?

आधी हे सांग, की त्या गोष्टीबद्दल तुम्ही दोघं एकदा तरी बोललात का? बहुतेकांचं उत्तर "त्याला कळायला नको?" असं असतं. नाही कळत.

दोन मुली एका खोलीत होत्या. एक पहाटे पाचला उठून अभ्यासाला बसायची, दुसरी रात्री दोनपर्यंत काम करायची. दिवा एकच, छताला, दोघींच्या खाटांच्या बरोबर मध्ये. तीन आठवडे एकमेकींशी चकार शब्द नाही. पहाटेची कपाटाचं दार जरा जोरात लावायची, रात्रीची डोक्यावरून पांघरूण ओढायची आणि मुद्दाम मोठ्याने सुस्कारा टाकायची. दोघींचे फोन मला येत होते आणि दोघींची तक्रार एकच होती: "तिला माझं काही पडलेलं नाही." मग एका संध्याकाळी पहाटेच्या मुलीने विचारलं, "तुला उजेडात झोप लागते का गं?" दुसरी म्हणाली, "नाही ना, लहानपणापासून नाही लागत." पहिली म्हणाली, "मलापण." त्या आठवड्यात दोघींनी वर्गणी काढून एक टेबल लॅम्प आणला, त्याचं तोंड भिंतीकडे वळवलं, आणि छताचा दिवा रात्री दहा ते सकाळी सात बंद असं ठरवलं. पुढचे तीन महिने त्या एकाच खोलीत आनंदाने राहिल्या.

तेव्हा पहिल्या दोन दिवसांतच बसून पाच गोष्टी विचारून घ्या: दिवा कधी बंद, गजर किती वेळा वाजणार, भांडी कोण कधी घासणार, पाहुणे चालतील का, आणि सामाईक खर्चाचा हिशेब कोण ठेवणार. दहा वेळा वाजणाऱ्या गजरावरून झालेली भांडणं मी पैशांवरून झालेल्या भांडणांपेक्षा जास्त बघितली आहेत.

चोरी, दमदाटी, अंगाला हात लावणं, नको म्हटल्यावरही त्रास देणं, यातलं काही असेल तर समजूतदारपणा दाखवायचा नाही. लगेच वरती सांगायचं आणि खोली बदलायची.

पैसे महिनाअखेरपर्यंत पुरत नाहीत.

पहिल्या महिन्यात जवळजवळ कोणाचेच पुरत नाहीत. भाडं आणि प्रवासाचे पैसे आले त्याच दिवशी बाजूला काढ, उरलेल्याचे चार भाग कर आणि एका आठवड्यात एकच भाग वापर. महिन्याचा आकडा डोक्यात राहत नाही, आठवड्याचा राहतो. खर्च त्याच रात्री लिही. मोठे खर्च सगळ्यांना आठवतात, भोक असतं ते बारीकसारीक खर्चात.

खोली घेताना भाडेकरार लेखी माग, प्रत्येक वेळी पावती माग, आणि सामान आत न्यायच्या आधी भिंती, नळ, खिडक्या, गादी यांचे फोटो काढून त्याच दिवशी घरमालकांना पाठव. आमच्या एका मुलाचं डिपॉझिट भिंतीवरच्या डागासाठी कापलं गेलं. तो डाग त्याच्या आधीपासूनचा होता, पण दाखवायला काहीच नव्हतं. "पावती द्याल का?" हे चार महिन्यांतलं सगळ्यात उपयोगी वाक्य असू शकतं.

महिना झाला तरी जिवाभावाचं कोणी भेटलं नाही.

महिन्यात भेटत नाही. जेफ्री हॉल या संशोधकाने २०१८ साली मांडलेला हिशेब मला पटतो: ओळखीतून साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास सोबत लागते, मित्र म्हणावं इतकं व्हायला ९०, आणि जवळच्या मैत्रीला २०० च्या वर. आता तूच गुणाकार कर. आठवड्यातून दोन तास भेटलास, तर सोळा आठवड्यांत ३२ तास होतात. तेव्हा दहा ठिकाणी थोडं थोडं फिरण्यापेक्षा एखाद्या जागी नेमाने जा. खेळाचा गट, गाण्याचा वर्ग, स्वयंसेवेचं काम, काहीही. आणि आमंत्रणाची वाट बघू नकोस. "रविवारी येतोस का?" हे तूच विचार. समोरचाही बहुधा कोणीतरी विचारायचीच वाट बघत असतो.

जुजबी ओळखींना कमी लेखू नकोस. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवलं, की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना ती बातमी कधीमधी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. रोज भेटणाऱ्यांकडून कळलेले सहातून एक इतकेच. जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. नवी बातमी लांबच्या वर्तुळातून येते.

शहरातली माणसं तुटक का वागतात?

स्टॅनले मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने १९७० साली याचं कारण साधं सांगितलं: दिवसभरात इतकी माणसं, आवाज, सूचना अंगावर येतात, की माणूस त्यातलं बरंचसं गाळूनच जगतो. शेवटच्या महिन्यात तूही गर्दीत कानात इअरफोन घालून खाली बघत चालत असशील, बघ. पण ते गाळणं माणुसकी संपल्याची खूण नव्हे. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी शिकागोतल्या लोकल प्रवाशांना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलं होतं. बोलणं झालेल्यांचा प्रवास गप्प बसलेल्यांपेक्षा छान गेला, आणि लोकांचा आधीचा अंदाज नेमका उलटा होता.

मग अनोळखी माणसांवर विश्वास ठेवायचा का?

बोलायला हरकत नाही. पैसे, कागदपत्रं, फोनवर आलेला कोड आणि राहायचा पत्ता द्यायचा नाही. जो घाई करतो त्याच्यापासून सावध राहा: "आत्ताच भरा", "आत्ताच चला", "घरी सांगू नका". वाट विचारायची तर एका जागी बसून काम करणाऱ्या माणसाला विचार, आपणहून मागे लागणाऱ्याला नको.

आणि संकटात मदत मागण्याची पद्धत आधीच पाठ असू दे. जॉन डार्ली आणि बिब लॅटाने यांनी १९६८ साली एका प्रयोगात दाखवलं, की दुसऱ्या खोलीतल्या माणसाला झटका आल्याचं फक्त आपल्यालाच ऐकू येतंय असं वाटलेल्यांपैकी ८५ टक्के मदतीला धावले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटलं तेव्हा फक्त ३१ टक्के. म्हणून गर्दीत "कोणीतरी मदत करा" असं ओरडू नकोस. एकाकडे बोट दाखव: "निळ्या शर्टातले काका, तुम्ही, ॲम्ब्युलन्सला फोन करा." हे मी मुलांकडून वर्गात मोठ्याने म्हणवून घेते. पहिल्यांदा सगळी हसतात, पण म्हणून बघितलेलं वेळेला तोंडात येतं.

आम्ही पालक आहोत. रोज फोन करावा का?

वेळ ठरवा, थोडं बोला, आणि फोन आला नाही तर काय करायचं तेही ठरवा. दिवसातून पाच फोन आले की मूल तिथे राहतच नाही, नुसतं तिथे झोपतं. "जेवलास का?" याच्या जोडीला "आज कोणाशी बोललास?" हेही विचारा.

माझी कळकळीची विनंती एकच आहे: त्याचं काम तुम्ही फोनवरून करू नका. एका वडिलांनी गळक्या नळासाठी स्वतः घरमालकाला फोन केला. नळ दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाला. पण त्यानंतर घरमालक प्रत्येक गोष्ट वडिलांशीच बोलायला लागले, आणि तो वीस वर्षांचा मुलगा आपल्याच खोलीत पाहुण्यासारखा झाला. सुरक्षेचा किंवा तब्येतीचा प्रश्न असेल तर जरूर मध्ये पडा. नळाबद्दल त्यालाच बोलू द्या.

मुलाखतीत या अनुभवाबद्दल काय सांगायचं?

"खूप काही शिकलो, आत्मविश्वास वाढला" हे सांगू नकोस, ते सगळेच सांगतात. एक प्रसंग सांग: काय अडलं, कोणाला विचारलं, काय चुकलं, मग काय केलंस. त्यासाठी तिकडे असतानाच रोज दोन ओळी लिही. महिन्याभरात तपशील गळून जातो आणि नुसतं "छान होतं" उरतं.

परत आलो, पण आता घरीच करमत नाही. आणि तिकडच्या माणसांचं काय करू?

हेही होतं. जॉन आणि जीन गुलाहॉर्न या दोघांनी १९६३ साली लिहिलं, की परतल्यावर रुळण्याचा उतार पुन्हा एकदा येतो. घर तेच असतं, तुझ्या सवयी बदललेल्या असतात. आल्या आल्या प्रत्येक गोष्टीची तिकडच्याशी तुलना करू नकोस, घरच्यांना ते लागतं. तू नसताना इथे काय काय झालं हे आधी विचार. चार महिने त्यांचेही गेले आहेत.

तिकडच्या सगळ्यांशी संबंध राहणार नाहीत, तो अट्टहासही नको. दोघं-तिघं निवड आणि पहिल्या आठवड्यातच निरोप पाठव, महिना उलटला की संकोच पुन्हा मध्ये येतो. तुझी खोली आता कोणाला मिळाली तेही विचारून घे आणि त्या मुलाला तुझा नंबर दे. कुठला नळ गळतो, कुलूप कसं लावायचं, बस रस्त्याच्या कुठल्या बाजूने सुटते, हे त्याला पहिल्याच दिवशी लागणार आहे.